नातेवाइकांचं स्टूल

३ फेब्रुवारी

वन्सं,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण गुडघ्यांची अवस्था अशी आहे की ते खोटं ठरेल. तेव्हा उभ्या उभ्याच नमस्कार.

माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच फेकलं नसेल, तर पुढचं वाचा. आधी फोन केला होता. तुमच्या सुनेनं उचलला आणि म्हणाली, आईंना फोनवर नीट ऐकू येत नाही. मागून "कोणाचा गं?" असा तुमचा आवाज मला खणखणीत ऐकू येत होता. असू दे. राग आला की मलाही ऐकू येत नाही.

पत्राचं कारण तुमचे बंधू. रोज सकाळी दाढी करून घेताना विचारतात, ताईला पत्र टाकलंस का? उजवा हात उचलत नाही. डाव्यानं लिहायला बसले की चार शब्दांत पान संपतं. जीभ अजून जड आहे, पण मला टोमणे मारण्यापुरती सैल झाली आहे. तेव्हा त्यांच्या वतीनं कळवते की ते मजेत आहेत. भूक आहे, झोप आहे, पलंग खिडकीशी आहे, रेडिओ दिवसभर चालू असतो.

आपलं काय झालं ते दोघींनाही पाठ आहे. झटक्यानंतर ह्यांना घरी आणलं, त्या दिवशी तुम्ही गाडी घेऊनच दारात आलात. माझ्याकडे माणसं आहेत, घर तळमजल्यावर आहे, तुला ड्यूटीतून वेळ कुठला मिळायला, म्हणालात. मी म्हटलं, उभा जन्म परक्यांचं केलं, नवऱ्याचं करता येणार नाही होय मला? तुम्ही चहा तसाच ठेवून निघून गेलात. तो कप मी दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलला नव्हता, एवढी मी हट्टी.

आता माझं ऐका. त्याच महिन्यात माझं वय भरलं तसा हॉस्पिटलनं मला रीतसर निरोप दिला. भाषणं झाली. मेट्रन म्हणाली, पुरुषांचा वॉर्ड आज पोरका झाला. एका म्हाताऱ्या पेशंटनं स्टँडवरच्या सलाइनसकट उठून माझ्या पायाला हात लावला, त्याला परत झोपवता झोपवता पुरेवाट झाली. मग तीन महिने घरी होते. तेवढ्यात मेट्रननं गळ घातली. नव्या मुली आल्यात, शिकवायला जुनं माणूस नाही, वर्षभर तरी या. नाही म्हणवेना हो. म्हणून परत जाते आहे, सकाळची ड्यूटी, कधी कधी रविवारचीही. दिवसा ह्यांच्याजवळ एक माणूस ठेवलाय. त्याला सगळे पैलवान म्हणतात. का म्हणतात ते विचारू नका, फुंकर मारली तर उडेल असा आहे. पण स्वभाव गरीब आहे आणि पत्ते चांगले खेळतो.

वॉर्डाचं मात्र विचारू नका, वन्सं. आत पाऊल टाकलं की अंगातलं सगळं दुखणं पळतं. परवा एक ट्रकड्रायव्हर आला, पाय मोडलेला. कोणालाही हात लावू देईना, सगळ्यांना शिव्या. मी जवळ बसले, म्हटलं, शिव्या संपल्या की सांग, मग चादर बदलू. हसला. नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. माणसाला हात लावायच्या आधी सांगायचं, आता काय करणार ते. आता कुशीवर वळवते हं. आता गार लागेल हं. तो बेशुद्ध असला तरी सांगायचं. बाकीचं पुस्तकात आहे.

काळजी नसावी. सगळं उत्तम आहे.

तुमची भावजय

२० फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड पोचलं. "दिवसभर त्याच्याजवळ असतं तरी कोण? तू नर्स आहेस म्हणून मी गप्प बसले होते." बस्स, एवढंच. ना मायना, ना सही. ह्यांनी कार्ड तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून. मी दुसरं वाक्य गाळून वाचलं.

पहिल्यांदा मला तुमचा रागच आला. दिवसभर कोण असतं ते लिहिलं होतं की मी! मग रागाच्या भरात मागच्या पत्रात काय काय लिहिलं ते आठवत बसले, आणि मेट्रनपाशी आल्यावर अडखळले. वन्सं, मेट्रननं गळबिळ काही घातली नव्हती. मीच गेले होते तिच्याकडे. तिच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिले आणि ती आल्यावर म्हटलं, मला काहीही काम द्या, पण द्या. ती बिचारी म्हणाली, अहो, घरी साहेब आजारी आहेत ना? मी म्हटलं, त्यांची सगळी सोय केली आहे. तेव्हा पैलवान ठरलासुद्धा नव्हता.

ह्यांनाही तेच सांगितलं, मेट्रन ऐकतच नाही म्हणून. हे म्हणाले, "जा. तुझ्यावाचून अडत असेल त्यांचं." नजर खिडकीबाहेर होती.

तुम्ही विचाराल, मग ते तीन महिने काय झालं? काही झालं नाही हो, तेच झालं. मला वाटलं होतं, वॉर्डात चाळीस माणसं बघते, घरात एक म्हणजे डाव्या हाताचा खेळ. पण वॉर्डात माणूस चमच्यातलं सांडतो तेव्हा मी पुसते आणि दुसरा घास पुढे करते. घरी ह्यांनी सांडलं तेव्हा मी वाटी आपटली आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले. नळ बंद केला तर बाहेरून आवाज येत होता, "सॉरी गं, सॉरी." त्यांनी सॉरी म्हणावं याचाच मला राग यायचा. हा माणूस, ज्यानं माझ्या रात्रपाळ्यांच्या दिवसांत मला कधी उपाशी झोपू दिलं नाही, चष्म्याचं दुकान बंद करून आधी घरी येऊन स्वयंपाकाला लागायचा, तो माझ्यापुढे तोंड उघडून घासाची वाट बघत बसलेला मला बघवत नव्हता. परक्याचं लुळं पडलेलं अंग म्हणजे माझं काम. ह्यांचं अंग उचलताना मला ते आधी कसे होते तेच दिसायचं आणि हात रागावल्यासारखे चालायचे. त्यांना वळवताना मी एकदाही "आता वळवते हं" म्हटलेलं नाही. पोतं वळवावं तशी वळवायची.

एकदा म्हणाले, तुझ्या पेशंटांचं बरं आहे. चेष्टेनं म्हणाले. मी चेष्टेवारी नेलं.

हे तुम्हाला का लिहिते कोण जाणे. तुमच्यापुढे नाक वर करून उभी राहिले होते ना, म्हणून असेल. पण इकडे यायची घाई करू नका. पैलवान सगळं करतो. मी घरी येते तोवर अंग पुसून, कपडे बदलून, केस विंचरून हे तयार असतात. मी आले की म्हणतात, "झालंय सगळं माझं, तू बस." मी बसते.

तुमची भावजय

९ मार्च

वन्सं,

तुमचं दुसरं कार्ड आलं. त्याला उत्तर लिहायला उशीर झाला, कारण ह्यांना जरा खरचटलं होतं पाठीशी, त्यात दोन दिवस गेले. आता

छे. खरचटलं नाही. खोटं लिहायला हात इतका सराईत झालाय की पेन आपोआप चालतं. पान फाडून दुसरं घेणार होते, पण राहू दे ते वाक्य. तुम्हाला दिसू दे.

बेडसोर झालाय ह्यांना. माकडहाडापाशी. तुम्हाला कळेल असं सांगते. एकाच जागी पडून पडून हाडावरची कातडी मरते आणि आत खड्डा पडत जातो. वरून नाण्याएवढा दिसतो, आत बोट जाईल एवढा असतो. हा रोग नाही, वन्सं. कोणाच्या नशिबानं येत नाही. दर दोन तासांनी माणसाची कूस बदलली तर होत नाही, नाही बदलली तर होतो. माझ्या वॉर्डात कित्येक वर्षांत एकालाही झालेला नाही. बाहेरून बेडसोर घेऊन आलेला पेशंट दाखल झाला की त्याच्या नातेवाइकांकडे मी ज्या नजरेनं बघायची, ती मला चांगली ठाऊक आहे. एका सुनेला तर सगळ्यांदेखत म्हटलं होतं, सासरा आहे की खाटेवरचं अंथरूण? ती मुलगी रडत बाहेर गेली. माझ्या हाताखालच्या मुलींनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

सापडला कसा ते सांगते. पैलवान कुठल्याशा लग्नाला गेला म्हणून मी रजा घेतली होती. सकाळी चादर बदलायला ह्यांना वळवलं, नेहमीसारखंच, न सांगता. तर सदरा पाठीला चिकटलेला. सोडवला आणि वास आला. त्या वासाला मी झोपेतही ओळखेन. मी तशीच उभी राहिले. ह्यांचं तोंड भिंतीकडे होतं. ते म्हणाले, "फार नाही ना?" म्हणजे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, नाही, थोडंच आहे. आणि बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. मी, वन्सं. गँगरीनचे पाय धुणारी.

रात्री मी त्यांची कूस बदलत असेन असं तुम्ही धरून चालला असाल. गजर लावायची मी. तो बंद करून झोपायची.

पैलवान परत आला तेव्हा त्याला मी असं काही बोलले की शेजारीण बाहेर आली. तो मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. एकदा फक्त ह्यांच्याकडे बघितलं त्यानं. मला वाटलं चोर आहे म्हणून बोलत नाही. हाकलून दिला त्याला.

आता मी घरी आहे. पोट बिघडलंय असं वॉर्डात कळवलंय. ड्रेसिंग मीच करते, औषध लांबच्या दुकानातून आणते, जिथे मला कोणी ओळखत नाही. हवेची गादी मागवली आहे. डॉक्टरांना दाखवलेलं नाही. दाखवायला हवं हे मला कळत नाही असं नाही. पण दाखवायचं म्हणजे माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच लोकांसमोर ह्यांना पालथं घालायचं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ते म्हणणार नाहीत. पण माझ्याकडे बघतील. मला चार दिवस द्या. मी ह्याहून मोठ्या जखमा भरून आणल्यात.

तुम्ही येऊ नका. हात जोडते.

तुमची भावजय

१७ मार्च

वन्सं,

हे पत्र हॉस्पिटलातून लिहिते आहे. माझ्याच वॉर्डातून, पण टेबलाशी बसून नाही. खाटेजवळ नातेवाइकांसाठी एक लोखंडी स्टूल असतं, त्याच्यावर बसून. ह्याची एक तंगडी आखूड आहे. इतकी वर्षं मी ह्या स्टुलांना पायानं खाटेखाली सारत आले, बसले आज.

चार दिवसांचे सहा केले मी. मग ह्यांना ताप भरला, थंडी वाजायला लागली, बोलणं बरळल्यासारखं झालं. जखमेतलं विष रक्तात उतरायला लागलं होतं. रुग्णवाहिका बोलावली. आणि आता लिहिते ते वाचून तुम्ही मला काहीही म्हणा. मी ड्रायव्हरला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. हे कण्हत होते आणि मी अर्धा तास लांबचं हॉस्पिटल सांगत होते, कारण तिथे मला कोणी ओळखत नाही. ड्रायव्हर मला ओळखत होता. म्हणाला, मॅडम, घाबरल्यामुळे तुम्ही भलतंच नाव घेताय, आपलं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. आणि त्यानं गाडी इकडे आणली. त्याला वाटलं मी भांबावले आहे. मी भांबावले नव्हते.

डॉक्टर म्हणतात वेळेवर आणलंत. मी मान हलवली. घाबरू नका, औषधाला यश येतंय. आज ताप उतरलाय, सकाळी चहा मागितला.

आता वॉर्डातल्यांचं सांगते. मला ज्याची भीती होती तसं कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे एक नवी मुलगी आहे, एवढीशी आहे आणि सारखी बडबडते म्हणून तिला आम्ही चिमणी म्हणतो. ह्यांना दाखल करून घ्यायला तीच पुढे आली. "आमच्या मॅडमचे साहेब!" म्हणून कौतुक करत होती. मग ह्यांना वळवलं आणि तिची बडबड थांबली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, मला लाज वाटू नये म्हणून. त्यापेक्षा तिनं ओरडायला हवं होतं. त्या सुनेला मी ओरडले होते तसं.

मी हातमोजे घालायला लागले तर मेट्रन आली. म्हणाली, आपल्या माणसाचं आपण करायचं नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. रजा टाका आणि स्टुलावर बसा. मी म्हटलं, मला बसता येत नाही. ती म्हणाली, "मग शिका आता."

तर बसले आहे. आणि काय बघितलं ते तुम्हाला सांगायचंय. चिमणी ड्रेसिंगला आली. ट्रॉली डाव्या अंगाला लावली, जशी मी लावते. हात चोळून गरम केले, जसे मी करते. आणि ह्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "काका, आता तुम्हाला कुशीवर वळवते हं. मग थोडं गार लागेल. दुखलं तर माझा हात दाबायचा, लाजायचं नाही." माझे शब्द, वन्सं. सूरसुद्धा माझा. मी ते वाक्य रोज म्हणत आले आणि ते ह्यांना पहिल्यांदा ऐकायला मिळालं ते दुसरीच्या तोंडून. हे इतके सावकाश वळले तिच्या हातावर. डोळे मिटून म्हणाले, "कोणी शिकवलं तुला?" ती म्हणाली, "कोणी म्हणजे? काकूंनीच की!" ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी स्टुलावर होते.

निरोपाच्या दिवशी भाषणात कोणीतरी म्हणालं होतं, तुमचं काम मागे राहील. मला ते नुसतं शोभेचं वाक्य वाटलं होतं. खरं निघालं. राहिलंय माझं काम, उत्तम राहिलंय, माझ्या डोळ्यांदेखत चाललंय. ते खोटं नव्हतं ह्याचा मला आनंद झाला, अगदी खरा आनंद झाला. आणि त्याच वेळी जमिनीनं पोटात घ्यावं असंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही आलात तरी चालेल.

तुमची भावजय

२४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. ह्या वेळी कार्ड नाही, चांगलं चार पानी. शिव्या वाचल्या, त्या सगळ्या मला लागू आहेत, एकही परत करत नाही. शेवटी "तू जेवतेस का?" असं विचारलंत, ते वाचून मात्र रडले.

जखम आता लाल झाली आहे, म्हणजे भरायला लागली. भरायला महिने जातील, पण भरेल.

काल पैलवान आला होता भेटायला. केळी घेऊन आला आणि दारातच घुटमळत राहिला, मी पुन्हा तोंड सोडीन म्हणून. ह्यांनी त्याला हाताशी बसवून घेतलं. मला म्हणाले, ह्याची माफी माग. मी म्हटलं, मागेन, पण ह्यानं दिवसभर वळवलं असतं तर ही वेळ आली नसती. पैलवान म्हणाला, मी वळवायचो हो, पण साहेब परत उताणे व्हायचे, त्यांना खिडकी दिसायला हवी असायची. आणि लाल झालं तेव्हाच मी तुम्हाला सांगणार होतो. मग तो गप्प झाला आणि ह्यांच्याकडे बघायला लागला. त्या दिवशी घरी बघितलं होतं ना, तसंच.

"मीच शपथ घातली त्याला," हे म्हणाले.

मला काही कळेना. मी म्हटलं, का?

"तुला कळलं असतं तर तू काम सोडलं असतंस."

"सोडायलाच हवं होतं!"

"मग पुन्हा घरी ते तीन महिने सुरू झाले असते." थांबून थांबून बोलत होते, एकेक शब्द ओढून काढत. "तू कामावरून यायचीस तेव्हा हसत यायचीस. मला तेवढं पुरत होतं. म्हटलं, पाठीचं काय, भरेल."

म्हणजे मेट्रनचं खोटं त्यांनी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. ओळखून मला जाऊ दिलं. मी वॉर्डात ज्या ट्रकड्रायव्हरला हसवत होते, त्या हसण्याची किंमत कोणाच्या पाठीला मोजावी लागत होती ते मला आता कळलं. पैलवान उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागे गेले, जिन्यात त्याचे हात धरले आणि माफी मागितली. तो बिचारा "अहो काकू, अहो काकू" करत राहिला.

रात्रभर विचार केला आणि सकाळी ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. भाषण तयार केलं होतं. काम सोडते, आता तुमच्याजवळून हलणार नाही, पुन्हा वाटी आपटणार नाही. नाहीतर ताईंकडे पाठवते, त्यांचंच बरोबर होतं, माझाच ताठा नडला. दोन्ही मुद्दे मी एका दमात मांडले. ते ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही दोघी दारात भांडलात. मी आत पलंगावर होतो. मला विचारलंत का, कुठे राहायचंय?"

वन्सं, खरंच नव्हतं विचारलं. तुम्हीही नाही, मीही नाही. चाळीस खाटांच्या वॉर्डात मी प्रत्येकाला विचारत आले, खिडकी उघडी हवी का बंद, दिवा लावू की मालवू. म्हणून आता विचारलं. मनातून मला वाटत होतं ते म्हणतील, घरी, तुझ्याजवळ. चक्क खात्री होती मला. इतकं सगळं होऊनही.

"ताईकडे," ते म्हणाले.

मी विचारलं, माझ्यावर रागावून?

"नाही गं. तिथे मला तुझी वाट बघायला लागणार नाही." मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून तेच केलं ना मी. आता दमलो."

मी उठून चादरीची घडी सरळ केली. तुम्हाला हे जसं झालं तसं कळवते आहे, त्यात माझी बाजू घालत नाही. तुमच्याकडे मागची खोली आहे म्हणता, ती मोकळी करा. शनिवारी सोडतील. ड्रेसिंगला तुमच्याकडच्या नर्सशी मेट्रन बोलली आहे. पैलवान यायला तयार आहे, दोन महिने तरी राहीन म्हणतो. पलंग खिडकीपासून जरा लांब ठेवा, म्हणजे उताणे व्हायचा मोह होणार नाही. आणि वळवायच्या आधी त्यांना सांगत चला. त्यांना ते आवडतं. मला हे तुम्हाला पत्रातून सांगावं लागतंय.

कामाचं म्हणाल तर मी सोडत नाही. सोडायला निघाले होते, त्यांनीच नको म्हटलं. चिमणीसारख्या अजून चार तयार कर, म्हणाले. त्यांच्या पाठीच्या मोबदल्यात मी आता नीटच काम केलं पाहिजे, नाहीतर मला कुठेच तोंड दाखवता येणार नाही.

दुपारी त्यांना डोळा लागला. मी उठून जात होते तर जाग आली. मला वाटलं पाणी हवंय. विचारलं तर म्हणाले, "रविवारी तुझी ड्यूटी असते का?"

मी म्हटलं, रविवारी मी मोकळीच असते.

मोकळी नव्हते मी, वन्सं. पुढचे सगळे रविवार माझ्याच नावावर लागलेले होते. ते बदलून घेतले आणि मगच हे पत्र लिहायला बसले. तुमच्या गावाला येणारी पहिली बस किती वाजता सुटते, तेवढं कळवा.

तुमची भावजय